चारी कोपऱ्यांना हळद

जाऊबाई, तुमच्या तेराव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्या दिवशी मी भोरला परत आले. सोपान चेलाडी फाट्यापर्यंत सोडायला आला होता. एसटी येईपर्यंत आम्ही काकी-पुतण्या रस्त्याच्या कडेला उभे होतो. तो म्हणाला, "काकी, आईचं कुणाला कळवायचं ऱ्हायलं का?" मी म्हटलं, सगळ्यांना मोबाईलवर कळलंय, पत्र मात्र एक राहिलंय. पत्र म्हटल्यावर तो हसला. तुमच्या लेकाला एवढ्यात हसता येतं, हे आधी तुम्हाला सांगावं म्हणून मी कागद पुढे ओढला आहे.

राहिलेलं पत्र माझ्या नातवंडांचं, रेवाचं आणि अर्णवचं. रेवाने परदेशातून फोनवर विचारलं, "मोठी आजी म्हणजे जेलमध्ये पत्रं पाठवायची तीच ना? जेलमध्ये पत्र पाठवतात कसं?" मी म्हटलं, लिहून कळवते. तेव्हा बोलणार आहे मी तुमच्याशी, आणि ऐकणार आहेत ती दोघं. मधे मधे त्यांच्यासाठी थांबावं लागेल. "समदं ठावं हाय मला, पुढं बोल," असं तुम्ही म्हणाल. तरी थांबेन.

त्यांना ठाऊक नाही ते एवढंच. वेल्ह्याच्या पुढे आपल्या सासरच्या गावी, तुमच्या शेजारच्या जमिनीची मोजणी चालली होती. जमीन घेणाऱ्यांची माणसं आणि गावातली माणसं यांच्यात भांडण झालं. सोपान खाली भाताच्या खाचरात होता. आरडाओरडा ऐकून तो वर धावला आणि सोडवायला मधे पडला. त्या मारामारीत एक माणूस डोक्याला मार लागून पुढे दवाखान्यात वारला, आणि ज्यांची नावं लिहून घेतली त्यांत सोपानचंही नाव आलं. जामीन झाला नाही. निकाल लागेपर्यंत त्याला पुण्याच्या तुरुंगात राहावं लागलं, आणि निकालाला तीन दिवाळ्या गेल्या.

तुमचं शिक्षण चौथीपर्यंत, लिहिणं-वाचणं कधीच सुटलेलं, माझं बी. ए. इंग्रजी. या घरात मी सून म्हणून आले तेव्हा तुम्ही मला उंबऱ्यातच विचारलं होतंत, "भाकरी इंग्रजीतनं थापतीस का मराठीतनं?" तेव्हापासून मी तुमची इंग्रजीवाली. पुढे ह्यांच्या नोकरीपायी आम्ही भोरला बिऱ्हाड केलं, मी शाळेत शिकवू लागले, आणि तुम्ही गावी शेत धरून राहिलात. सणावाराला भेट व्हायची आणि भेटीत एक तरी वाद व्हायचा. मीठ किती, पाहुण्याला आधी चहा की पाणी, असले वाद. जिंकायचा तुमचा हक्क मोठेपणाचा होता, माझा पुस्तकाचा. दोघींपैकी कुणी हक्क सोडला नाही.

तुम्ही सोपानला धाडलेलं पाकीट तुरुंगातून परत आलं तो दिवस मला नीट आठवतो. तुम्ही वेल्ह्याहून नसरापूर, तिथून दुसरी गाडी धरून भोर, असं करत दुपारच्या उन्हात माझ्या दारात आलात. पाणीसुद्धा न पिता कमरेच्या पिशवीतून पाकीट काढलंत.

"सुधा, ह्यो लाल शेरा काय म्हनतो ते वाच."

मी वाचला. पावडरसदृश पदार्थ आढळला, सबब परत.

"पदार्थ?" तुम्ही म्हणालात. "म्या काय भजी घातल्याती व्हय पाकिटात?"

"हळद लावली होतीत का तुम्ही?"

"चारी कोपऱ्यांस्नी. वर कुकवाचं बोट. मग कसं धाडू, मयताचं धाडत्यात तसं कोरं?"

इथे रेवा-अर्णवसाठी थांबते. मोठ्या आजीचे वडील मुंबईत डबे पोचवायचं काम करायचे. तिची आई गावाहून त्यांना कुणाकडून तरी कार्ड लिहून घेऊन पाठवायची आणि टाकण्याआधी हळदीत बोट बुडवून चारी कोपऱ्यांना लावायची. म्हणजे घेणाऱ्याला कार्ड हातात आल्याबरोबर कळायचं की घरी सगळे आहेत, आता बसून सावकाश वाचावं. कोऱ्या कोपऱ्यांचं कार्ड आलं की वाईट बातमी. ते घरात नेत नसत, दाराबाहेर वाचून तिथेच फाडत. लग्नपत्रिकेला आपण अजून हळदकुंकू लावतो. जाऊबाईंच्या माहेरी ते साध्या खुशालीच्या पत्रालाही होतं, आणि सोपान त्याच रिवाजात वाढला.

मला मात्र त्या दिवशी रिवाजापेक्षा शेरा मोठा वाटला. पुढच्या खेपेला मी तुमच्याबरोबर पुण्याला आले आणि भेटीच्या खिडकीवर बसलेल्या शिपायाला सगळे नियम विचारून घेतले. तो कंटाळला, पण मी शिक्षिका आहे, मुलं कंटाळली म्हणून धडा अर्धा सोडत नाही. पत्त्यात कैद्याचं पूर्ण नाव हवं, वडिलांच्या नावासकट, नंबर हवा आणि बराक हवी. मागे पाठवणाऱ्याचं नाव-गाव स्पष्ट हवं. टाचणी नको, पिना नकोत, चिकटपट्टी नको, कारण पत्र तिथे उघडतात आणि वाचतात. पाकिटात नोटा, तिकिटं, अंगारा, दोरा, काहीही नको. अत्तर नको, डाग नको. वाचणाऱ्याला समजेल अशी भाषा आणि अक्षर हवं. घरचं लिहावं, खटल्याचं लिहू नये, कारण त्याला वकील आहे. तुरुंगागणिक थोडा फरक असेल, पण आम्हाला सांगितलं ते हे. रेवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर संपलं. आता पुढचं, जे तू विचारलं नाहीस.

मी हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही पदर तोंडाला लावून ऐकत होतात.

"म्हंजे आपलं पत्र आधी दुसराच मानूस वाचनार?"

"हो."

"मग त्याला काय लिवायचं?"

"त्याला कशाला लिहायचं? तो फक्त तपासतो."

"वा. आपल्या लेकाशी बोलताना मधी मानूस हुबा असला तर त्याला ये-बस म्हनायचं न्हाई? ही कुठली तुमची शाळा?"

तो मुद्दा तुम्ही तिथेच जिंकलात. आपलं पहिलं शुद्ध पत्र सुरू झालं ते "हे पत्र जे साहेब आधी वाचतील त्यांना नमस्कार" असं. पण हळदीच्या मुद्द्यावर मी हटले नाही. उलट पत्राजवळ येण्याआधी तुम्हाला साबणाने हात धुवायला लावले, दोनदा. तुमच्या बोटांत जन्माची हळद मुरलेली, ती काही निघेना. शेवटी मी म्हटलं, तुम्ही लांब बसून सांगा, मी लिहिते. तुम्ही भिंतीशी बसून माझ्याकडे असं बघत होतात जसं काही मी तुम्हाला स्वतःच्याच घरातल्या पूजेपासून लांब बसवलं आहे.

पत्र पोचलं. उत्तर आलं नाही. महिना गेला, दीड गेला. मग भेटीला गेलो. जाळीपलीकडे सोपान आला, तुम्हाला पाहिलं आणि उभाच राहिला. मग म्हणाला, "तू हायस?"

"हाय की. न्हाय तर काय भूत आलंय?"

"काकीच्या अक्षरात पत्र आलं. कोपरं कोरं हुतं." तो खाली बघत म्हणाला. "म्या वाचलंच न्हाई, आई. हातरुनाखाली ठिवलं. वाचलं असतं तर खरं झालं असतं."

मी आयुष्यभर नियमाने वागले आहे, जाऊबाई, आणि नियमांचं मला कधी ओझं वाटलं नाही. तो मुलगा आपली आई मेली असं समजून दीड महिना त्या अंथरुणावर झोपला, हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

परतीच्या गाडीत कापूरव्होळ आलं. तुम्ही म्हणालात, "आता?"

"नियम बदलणार नाही. हळद लावली की पत्र परत येणार."

"मग दर खेपंला त्यानं मला मारायचं?"

मी म्हटलं, "आपण लिहू. पहिल्याच ओळीत, साहेबांच्या नमस्काराखाली. चारी कोपऱ्यांना हळद, बोट आईचं. त्याने वाचलं की त्याला कळेल."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की पुढच्या बाकावरचा माणूससुद्धा वळला.

"सुधा, हळद लिवून पिवळं हुतंय का?"

पण दुसरा मार्ग तुमच्याकडे नव्हता. पुढच्या पत्रापासून ती ओळ आली, आणि खाली तुमची सही आली. मला मान्य होतं तेवढं एकच बोट, पेन धरणारं. "अ" काढताना तुमची जीभ बाहेर यायची. अनसूया हे नाव एवढं लांब कुणी ठेवलं म्हणून तुम्ही तुमच्या आत्याला दर खेपेला शिव्या दिल्यात.

उत्तर आलं. तीन ओळींचं होतं, पण आलं.

त्यानंतरची आपली पत्रं मला माझ्या सगळ्या शिक्षणापेक्षा मोलाची वाटतात. तुम्ही महिन्यातून एकदा यायचात, स्वयंपाकघरात पाटावर बसायचात आणि सांगायचात. म्हैस व्यायल्याचं, वळचणीत साप निघाल्याचं, कुणाच्या सुनेने सासूला मोबाईल घेऊन दिला आणि आता सासू कामाला हात लावत नाही त्याचं. मधेच हळूच म्हणायचात, "लिव, शेजारच्या रेड्यानं परत कुंपान तोडलं."

"शेजारी रेडा कुठे आहे?"

"हाय की. जमिनी घेत फिरतोय."

"ते खटल्याचं झालं. नाही लिहायचं."

"बरं. मग लिव, रेडा बरा हाय."

मी तेही लिहिलं नाही. आज वाटतं, लिहिलं असतं तर साहेब हसले असते.

आणि मग ते पत्र आलं, ज्यासाठी मी हे सगळं मुलांना सांगते आहे. सोपानने लिहिलं होतं: आई, इथले जुने लोक म्हणतात, हो म्हणून टाकावं, निदान तारखा तरी संपतात. मला आता कंटाळा आलाय.

मी ते तुम्हाला वाचून दाखवलं. तुमचा गुडघा तेव्हा सुजलेला, पुण्याला जाणं शक्य नव्हतं. कोर्टाची तारीख तोंडावर होती. मी वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, मी समजावतोय, पण त्याचं मन खचलंय, घरच्यांनीच काही करा. घरच्यांजवळ एक निळं पेन आणि एक आखीव कागद होता, आणि त्यावर खटल्याचा एक शब्द लिहायचा नव्हता. लिहिला आणि पत्र अडकलं तर तारखेआधी दुसरं पोचलं नसतं. जे त्याने केलं नव्हतं ते त्याने कबूल केलं असतं, आणि पुढचं आयुष्य तेच त्याचं नाव झालं असतं.

मी म्हटलं, "काय लिहू?"

तुम्ही डोळे मिटून बसलात. मला वाटलं रडताय. तुम्ही शेत आठवत होतात.

"लिव. तुझ्या खाचराचा बांध हाय तसाच हाय. तू ज्या दिशी खोरं टाकून पळालास, त्या दिशी हुता तिथंच हाय. लोकं म्हनली, आजूबाजूचं समदं सपाट झालंय, तुमीबी मोडा. म्या मोडला न्हाई. रोज सकाळी त्याच्यावरनं चालती. गुडघा दुखतोय, तरी चालती. तू येशील तवा तुला बांध सापडला पायजे."

मी लिहिलं. मग पुन्हा वाचलं, नियम लावून वाचलं, एकेक शब्द. त्यात शेत होतं, गुडघा होता, सकाळ होती. एकही शब्द अडवण्यासारखा नव्हता. आणि आईला लेकाला जे सांगायचं होतं त्यातलं काहीही राहिलं नव्हतं. जाऊबाई, मी वर्षानुवर्षं मुलांना निबंध कसा लिहावा ते शिकवलं. तसा परिच्छेद माझ्या हातून एकदाही उतरला नाही.

सोपानने हो म्हटलं नाही. उत्तरात त्याने एवढंच विचारलं, बांधावरच्या आंब्याला मोहोर आला का.

निकाल लागला तेव्हा तुमच्यासमोर वकिलांनी सगळं सांगितलं, साक्षीदार काय म्हणाले, न्यायाधीश काय म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "म्हंजे सुटला न्हवं?" सुटला. निर्दोष सुटला. भांडण सोडवायला गेला होता असं कोर्टाने कागदावर लिहून दिलं. वेल्ह्यात गाडीतून उतरल्यावर सोपान गावापर्यंत चालत आला, आणि तुमच्या घरी येण्याआधी खाचराच्या बांधावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. तुम्ही ओसरीतून बघत होतात. बोलावलं नाहीत. ओवाळणीचं ताट हातात धरून थांबलात.

संध्याकाळी चहा झाल्यावर त्याने पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला. सुतळीने बांधलेला. म्हणाला, "काकी, हे तुमच्याकडं ठेवा. आन् आई, फाटकावर एक साहेब भेटलं. म्हनलं, आईला माझा बी नमस्कार सांग."

तुम्ही माझ्याकडे बघून भुवई उडवलीत, नुसती. मी सुतळी सोडली. आणि जाऊबाई, ते कागद. प्रत्येक पत्राचे चारी कोपरे पिवळे होते. काही गडद, काही फिके, काहींवर बोटाचा ठसा स्पष्ट.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

सोपान लाजला. एवढा मोठा बाप्या, लाजला. "तुमीच लिवलं हुतं न्हवं, चारी कोपऱ्यांना हळद. मग म्हनलं, लावावी. पत्र आलं की दुपारच्या वरनात बोट बुडवायचो आन् लावायचो. आईचं बोट, माझं बोट, एकच की. मग वाचायचो."

तळाशी ते पहिलं पत्र होतं, न वाचलेलं, अंथरुणाखाली ठेवलेलं. त्याचेही कोपरे पिवळे होते. त्याने मागाहून लावले होते आणि मग वाचलं होतं.

तुम्ही सावकाश म्हणालात, "बघ, इंग्रजीवाले. लिवून न्हाई झालं. लावूनच झालं."

मी म्हटलं, "लिहिलं म्हणून लावलं."

"लावलं म्हनून खरं झालं."

सोपान म्हणाला, "आता दोघी जेवा." तो वाद तिथेच राहिला. नंतर वर्षभरात चार-पाच वेळा तरी आपण तो काढला. माझी बाजू अजून मांडून संपलेली नाही, आणि तुम्ही परस्पर उठून गेलात. हा मोठेपणाचा हक्क झाला, न्याय नव्हे.

तुम्ही गेलात तेही तुमच्या पद्धतीने. भात झोडून झालं होतं, पोती घरात आली होती. दुपारी जेवून ओसरीवर आडव्या झालात, सोपानला म्हणालात, "जरा डोळा लागतो, चहाला उठीव." तो चहा घेऊन आला. मी हे मुलांना रडत लिहीत नाही. थोडं रडले आहे, पण या ओळीला नाही. ज्या बाईला कोऱ्या कोपऱ्यांनी एकदा मारलं होतं, ती आपल्या ओसरीवर, आपल्या लेकाच्या हातचा चहा येईपर्यंत, नव्या भाताच्या वासात झोपली. यापेक्षा मोठी जीत मी तरी पाहिलेली नाही.

एक सांगायचं राहिलं होतं. ह्यांना जाऊन महिना झाला तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याशी डाळीच्या फोडणीवरून भांडलात. घरात माणसं कुजबुजत बोलत होती, आणि तुम्ही ओरडत होतात. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "आधी फोडनी शीक."

पत्र संपत आलं, जाऊबाई. पाकिटावर रेवा आणि अर्णवचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, लिहून झालं आहे. मागे माझा पत्ता आहे. टाचणी नाही, चिकटपट्टी नाही.

मयताच्या पत्राला हळद लावत नाहीत, हा तुमचाच नियम. सोपानला मी फाट्यावर विचारलं होतं, याला काय करू. तो म्हणाला, "तुमाला काय वाटतं ते करा, काकी, तुमी तर नियमाच्या." तेवढ्यात गाडी आली.

आत्ता मी उठून हळदीच्या डब्यात ओलं बोट बुडवलं आणि चारी कोपऱ्यांना लावलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात जरा जास्त लागली आहे. मुलांनो, कागद हातात आल्याबरोबर घरात न्या, आणि बसून सावकाश वाचा.

आणि जाऊबाई, कागद पिवळा झाला आहे. लिहून नाही झाला.